तळापासून चौदावा

ता. ४ जुलै, मंगळवार

धाकट्या,

पत्राच्या आरंभी आशीर्वाद लिहावा की लिहू नये, या विचारात सकाळचा अर्धा तास गेला. लिहीत नाही. तेहतीस वर्षे ज्याचे तोंड पाहिले नाही त्याला एकाएकी आशीर्वाद देणे हे ढोंग आहे, आणि ढोंगाची मला पहिल्यापासून किळस आहे.

तुझा पत्ता सूनबाईने तुझ्या मुलीकडून मिळवला. "बाबा, सरळ फोन लावा ना, नंबरही दिलाय तिने," असे ती म्हणाली. मी नकार दिला. फोनवर बोललेले माणूस दुसऱ्या दिवशी नाकारू शकतो, कागदावरचे नाकारता येत नाही. मी चौथीपर्यंतच शिकलो असलो तरी जे लिहितो ते शुद्ध लिहितो व त्याखाली सही करतो.

आता कामाचे. धबधब्याशेजारच्या तिरक्या खडकात आपण दोघांनी एकोणीस लोखंडी खुंटे बसवले व त्यांतून साखळी ओवली, ती कचेरीच्या एका माणसासाठी. महिन्यातून दोनदा तो वर जाऊन पाण्याची पातळी मोजून येत असे. पुढे ते मोजणेही बंद झाले आणि कैक वर्षे त्या खडकावर माकडांखेरीज कोणी गेले नाही. आता जातात. कोणीतरी धबधब्याचे चित्र मोबाइलवर टाकले, तेव्हापासून दर शनिवारी व रविवारी बस भरभरून माणसे येतात. पायवाट आपल्या घरावरूनच सुरू होत असल्यामुळे मला हे सर्व पाहावे लागते. बसमधून उतरताच दोघेतिघे माझ्या कुंपणाशी ओकतात. उरलेले कुंपणाच्या दुसऱ्या बाजूस उभे राहून जे करतात ते मी लिहीत नाही. सर्वांच्या अंगात एकाच पोपटी रंगाचे सदरे असतात. एकाच्या पाठीवर गाणी ओकणारे डबडे असते. परतताना ओले मोजे माझ्या ओट्यावर पिळतात, अंड्यांची टरफले तुळईच्या फटीत खोचतात, आणि चकचकीत कागदी पुड्या तर कोंबड्यांच्याही घशाखाली उतरत नाहीत. सूनबाई त्यांना चहा करून देते, संडास वापरू देते आणि वर हसते. मी सांगितले तर म्हणते, "माणसं आहेत बाबा, जातील कुठे?"

गेल्या रविवारी ओट्यावर चहा पिताना त्यांतला एक दुसऱ्याला म्हणाला, "वरचा एक रॉड हलतो रे. धरलास ना, मस्त झोका मिळतो."

मी विचारले, "कितवा?"

तो म्हणाला, "मोजले नाहीत आजोबा. आम्ही काय जनगणना करायला जातो?"

त्यावर बाकीचे हसले.

आता तू समजलास. साखळीला एका वेळी सात-सात माणसे लोंबकळतात. खाली तीन पुरुष खोल दगड आहेत. तळापासून दहावा खुंटा निसटून मुकादम पडला, त्याचा पाय कायमचा गेला, हे तू विसरला नसशील. तो दहावा तुझ्या वाटणीचा होता, अशी कचेरीत नोंद आहे. त्यामुळे तुझ्या हातचे उरलेलेही कच्चे असावेत, अशी मला शंका येते. तू भोके कशी पाडलीस, कोणता कच्चा ठेवलास, ते मला उलट टपाली कळव. मी वडील या नात्याने विचारीत आहे.

तुझा थोरला


ता. १७ जुलै, सोमवार

धाकट्या,

तुझे कार्ड मिळाले. "माझे नऊ. तळापासून मोज." एवढेच. वर संबोधन नाही, खाली सही नाही. माणूस गुराला हाकतानाही याहून जास्त शब्द वापरतो. वाचून मी कार्ड चुलीत घालणार होतो. सूनबाईने काढून घेतले आणि डब्याखाली ठेवले.

मोजण्याची मला गरज नाही. एकोणीसच्या एकोणीस खुंटे मला तोंडपाठ आहेत. भोके पाडण्याचे काम आपण वाटून घेतले होते. तळाची काही तुझी, वरची माझी. काही म्हणजे किती, त्यावर आज वाद घालत नाही. शिसे ओतायचे मात्र मोठ्याने आणि खुंटा धरायचा धाकट्याने, ही वडिलांनी घालून दिलेली रीत. भोक कोरडे नसेल तर उकळते शिसे फटकन उडते आणि ते धरणाऱ्याच्या तोंडावर येते. म्हणून ओतणाऱ्यावर विश्वास असल्याखेरीज कोणी खुंटा धरत नाही.

तुझ्या डाव्या हाताच्या डागाविषयी मी यात काही लिहिणार नव्हतो. लिहिले गेले. खोडत नाही, कारण खाडाखोड केलेला कागद मी पाठवत नाही.

हलणारा कोणता ते मी त्या झोकेवाल्याकडून काढून घेतले. तो शनिवारी पुन्हा आला होता. त्याला पाटीवर खडक काढून दिला. त्याने बोट ठेवले ते पाण्याच्या धारेला लागून, साखळी डावीकडे वळण घेते तिथे. तो चौदावा. चौदावा तुझा नाही, हे मी मान्य करतो.

मी स्वस्थ बसलो आहे असे समजू नकोस. कचेरीला अर्ज केला. तिथल्या कारकुनाने सूनबाईला फोनवर सांगितले, "त्या साखळीचा कागदच नाही आमच्याकडे. कागद नाही म्हणजे साखळी नाही." पायवाटेवर फळी ठोकून तिच्यावर खडूने लिहिले : 'पुढे धोका आहे.' पोपटी सदरेवाल्यांनी फळीला टेकून चित्रे काढून घेतली, एकीने तर दोन बोटे वर करून. त्यांचा एक म्होरक्या आहे. गळ्यात शिट्टी, डोक्याला फडके, पोटऱ्या उघड्या. त्याला मी स्वतः सांगितले, "वरचा एक खुंटा पोकळ आहे. माणसे नेऊ नका."

"काका, तुम्ही शेवटचं कधी गेला होतात वर?"

"तेहतीस वर्षांपूर्वी."

"मग इथे बसून कसं कळलं, पोकळ आहे?"

मी फळीवरचे पुसट झालेले 'धोका' पुन्हा खडूने गिरवू लागलो.

"टेन्शन नका घेऊ," असे म्हणून त्याने माझ्या खांद्यावर थोपटले. बैलाच्या पाठीवर थोपटतात तसे. सदरा मी धुवायला टाकला.

येत्या रविवारी मी त्यांच्याबरोबर जाणार आहे. गुडघ्यांमुळे एकट्याने जमणार नाही आणि सूनबाई एकटे जाऊ देत नाही. शिट्टीवाला आधी हसला, मग म्हणाला, "या की! वय वर्षे शहात्तर, आमचीच जाहिरात." एक छापील अर्ज भरून द्यावा लागला. रक्तगट, रोग, औषधे. 'संकटसमयी कोणास कळवावे' या रकान्यात तुझा पत्ता दिला आहे. मुलगा बोटीवर असतो, त्याला कळायला महिना लागेल. दुसरे काही मनात आणू नकोस.

तुझा थोरला


ता. २४ जुलै, सोमवार

धाकट्या,

काल जाऊन आलो. जिवंत आहे. डाव्या गुडघ्याचा भोपळा झाला असून पाय स्टुलावर ठेवून लिहीत आहे. अक्षर बिघडले असल्यास कारण तेच.

सर्व मिळून एकतीस माणसे. निघण्यापूर्वी शिट्टीवाल्याने गोल उभे करून प्रत्येकाला स्वतःची ओळख सांगायला लावली. मी म्हणालो, "पाथरवट." कोणी टाळ्या वाजवल्या. कशासाठी, ते कळले नाही. मग सर्वांना हात झटकून माकडांसारख्या उड्या मारायला सांगितले. मी मारल्या नाहीत.

वाटेचे वर्णन तुला नको. तुझ्या पायांना ती ठाऊक आहे. फक्त आज तिची काय दशा आहे ती ऐक. पहिल्या चढावरच अंगावर मारायच्या फवाऱ्याचा असा वास, की घाणेरीची झुडपेही लाजावीत. जिथे आपण भाकरी सोडत असू त्या सपाट दगडामागे पांढऱ्या कागदांचे बोळे आणि त्यांवर माश्या. झऱ्याच्या वरच्या कुंडीत एकजण पाय बुडवून बसला होता आणि खालच्या कुंडीत त्याचाच मित्र बाटली भरीत होता. मी सांगितल्यावर बाटलीवाला म्हणाला, "वाहतं पाणी आहे ना आजोबा, आपोआप स्वच्छ होतं." आणि प्याला. फांदीवर कोणाची तरी चड्डी वाळत होती. डबडे सर्व वेळ वाजत होते.

माझ्यामागे एक मुलगी चालत होती, तिशीची असावी. दातांची डॉक्टरीण. मी थांबलो की थांबे, पण थांबली आहे असे दाखवत नसे. बुटाची नाडी बांधल्याचे सोंग करी. तिने चार वेळा नाडी बांधली. शेवटी मी म्हणालो, "बाई, तुमच्या बुटाला नाडीच नाही." ती मोठ्याने हसली. म्हणाली, "पकडलंत! चला, आता उघडपणे थांबते." एवढीच एक त्यांच्यात बरी.

खडकापाशी पोहोचताच सर्व साखळीकडे धावले. मी पुढे जाऊन आडवा उभा राहिलो. "आधी मी. माझ्यामागे एकच. बाकीचे खाली." शिट्टीवाल्याने शिट्टी वाजवली. मी त्याला म्हणालो, "वाजव. मी बकरी नाही." डॉक्टरीण म्हणाली, "जाऊ दे ना त्यांना, दहा मिनिटांनी काय बिघडतंय?" आणि माझ्यामागे साखळी धरली.

पिशवीतून वडिलांची लहान हातोडी काढली. एकेक खुंटा वाजवीत चढलो.

धाकट्या, तुझे नऊ खणखणीत आहेत. नऊच्या नऊ. घंटा वाजावी तसे. मी कान लावून ऐकले, कोणता तरी बद्द वाजावा अशी माझी इच्छा होती, हेही लिहितो. एकही वाजला नाही.

नऊ. दहा नव्हे. मुकादम पडल्यावर साहेबाने विचारले तेव्हा मी सांगितले, "तळाचे दहा भावाचे." एका आकड्याचा फरक. तू समोर उभा होतास, हाताला फडके बांधलेले. तू माझ्याकडे पाहिलेस आणि काही बोललास नाहीस, कारण थोरला बोलत असताना मध्ये बोलायचे नाही हीही आपल्याच घरची रीत. त्याच संध्याकाळी तू पेटी उचललीस.

मुकादम पडल्यावर चौदावा तसाच ठेवून दहावा मी गुपचूप नीट बसवला होता. तो खणखणीत वाजला. चौदाव्यावर हातोडी मारली तर 'थप्' असा आवाज आला. ओल्या पोत्यावर मारल्यासारखा.

डॉक्टरीण खालून म्हणाली, "हा वेगळा वाजला."

मी चाकूने वरचे शिसे खरवडले. टोपी होती ती, नखाएवढी जाड. खाली सिमेंटचा कुजका माल, बोटाने निघेल असा, आणि त्यातून काळसर पाणी. त्याचा वास आला. मेलेल्या उंदरासारखा. तिने विनासंकोच त्यात बोट घातले आणि म्हणाली, "काका, हे तर आतली कीड न काढता वर कॅप बसवल्यासारखं आहे. असं काम आमच्याकडे आलं ना, की मी पेशंटला विचारते, कोणत्या खाटकाकडे गेला होतात?"

खाली सर्व ओरडू लागले. शिट्टीवाला म्हणत होता, "इतकी वर्षं टिकलाय ना? मग आजच काय होतंय? सुट्टीचा एक दिवस असतो लोकांचा!" तोवर त्यांतले चौघे साखळीला चढलेही होते. साखळी ताणली तशी चौदावा माझ्या डोळ्यांदेखत बोटभर सरकला. डॉक्टरणीने ते पाहिले. तिने जी किंकाळी फोडली तिने डबडेही बंद पडले. चौघे उतरले.

मग खालून डबडेवाला ओरडला, "कोणी बसवलाय हा? आत टाकलं पाहिजे त्याला!"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे तेहतीस वर्षे तयार आहे. ते मी मुकादमाच्या बायकोला दिले, साहेबाला दिले, माझ्या बायकोला ती जाईपर्यंत दिले, आणि या महिन्याच्या चार तारखेला तुलाही लिहून पाठवले. जिभेवर आलेच होते.

मी म्हणालो, "मी."

धबधब्याचा आवाज किती असतो ते तुला ठाऊक आहे. खाली एकाने मोबाइल वर धरला होता. तो म्हणाला, "आजोबा, परत एकदा बोला ना. आवाज नाही आला."

मी पुन्हा सांगितले. या वेळी ओरडून. "मी बसवला. दहावाही माझाच. भोके ओली होती. पहिल्याच पळीला शिसे उडून भावाचा हात भाजला, त्याला खाली पाठवले. धरायला कोणी नव्हते आणि दुसऱ्या दिवशी साहेब पाहणीला येणार होता. काम अपुरे दिसू नये म्हणून माल कोंबला आणि वर शिशाची टोपी घातली. भाऊ तिथे नव्हता."

दुसऱ्यांदा सांगणे पहिल्यापेक्षा सोपे जाते असे कोणी म्हणत असेल तर ते खोटे आहे.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तेवढे बरे झाले. मी साखळीची कडी सोडवून खुंटा हाताने पिळला. दोन पिळांत निघाला, दुधाच्या दातासारखा. आता तो माझ्यासमोर टेबलावर, वर्तमानपत्रावर ठेवला आहे. सूनबाई म्हणते, "बाबा, तो बाहेर ठेवा, घाण वास येतो त्याला." येतो. मी त्याला आत ठेवला आहे.

येताना डॉक्टरणीने कोपर धरले होते. साऱ्या वाटेत तिने एकच विचारले, "भाऊ आहेत का अजून?"

मी म्हणालो, "आहे. एकाहत्तरचा."

"मग सांगितलंत त्यांना?"

म्हणून आज लिहीत आहे. तुला ठाऊक असलेलेच तुला लिहायला इतकी वर्षे लागली, याची मला जी किळस येते तिच्यापुढे त्या सपाट दगडामागचे कागद काहीच नाहीत.

तुझा थोरला


ता. ६ ऑगस्ट, रविवार

धाकट्या,

तुझे दुसरे कार्ड गेल्या सोमवारी आले. "दादा, शिसे आणतो. भोक कोरडे ठेव." या वेळी सूनबाईला डब्याखाली ठेवू दिले नाही. माझ्या खिशात आहे.

तू येण्यापूर्वी चार गोष्टी कळवणे आवश्यक आहे.

मी कचेरीला अर्ज दिला आहे, त्याची प्रत सोबत आहे. मुकादम वारला, त्याच्या मुलाला दिलेल्या पत्राचीही प्रत आहे. त्यात 'दहा' खोडून 'नऊ' असे नाही लिहिले. नवा कागद घेऊन आरंभापासून 'नऊ' असे लिहिले आहे. मुकादमाच्या मुलाने दार उघडले, पत्र उंबऱ्यात उभ्यानेच वाचले आणि दार लावून घेतले. त्याला दोष नाही.

मोबाइलवरचे ते चित्र पुष्कळांनी पाहिले म्हणे. आता माणसे धबधबा सोडून मला पाहायला येतात. "खुंटेवाले आजोबा कोण?" म्हणून कुंपणावरून डोकावतात. एकाने मला तो खुंटा हातात धरून हसायला सांगितले. मी ओट्यावरचे पाणी त्याच्या अंगावर ओतले. मोजे पिळलेले पाणी होते. तेही त्याने चित्रात घेतले. या लोकांना शरम कुठे ठेवतात तेच ठाऊक नाही, पण हे लिहिण्याचा अधिकार मला उरला आहे की नाही याचा विचार करून पुढचे वाक्य गाळतो.

खालच्या सात खुंट्यांवरची साखळी सोडवून घरी आणली आहे. त्याखेरीज त्या खडकावर कोणालाही चढता येत नाही. कचेरीने लाल फीत बांधली होती. तिच्याखालून लोक वाकून गेले आणि खडक पाहून, तोंड वाकडे करून परत आले. शिट्टीवाल्याने धबधबा यादीतून काढला. दुसरी कुठली टेकडी आता त्याच्या नशिबी.

उरला भोकाचा प्रश्न. शेजारी धबधबा उडत असताना भोक कोरडे ठेव म्हणतोस. गेल्या बुधवारी डॉक्टरीण दवाखाना बंद ठेवून आली, सोबत तिचे दोन मित्र. ते स्वतःचे दोर बांधून खडकावर चढले. तिने आतला कुजका माल खरवडून काढला, तिच्या दवाखान्यातल्या फुंकणीने हवा मारली, कापसाने टिपून घेतले. म्हणाली, "दात भरायच्या आधी कोरडा करायलाच लागतो काका, नाहीतर आम्हीसुद्धा टोपीच घालतो." मग कापूस ठासून भोक बंद केले. वर बांधायला पाणी न शिरणारे काही हवे होते. तिने मला विचारून ठेवले होते, म्हणून कोंबड्यांच्या खुराड्यामागे जमवलेल्या त्या चकचकीत पुड्यांपैकी एक धुवून दिली होती. आतून चांदीसारखी असते. तारेने बांधली आहे. आज दुर्बिणीतून पाहिले, खडकावर चमकते. मला तिची किळस येते, पण आत थेंब शिरत नाही.

बस आपल्या दारातच थांबते. रविवारी येऊ नकोस, तुला ही गर्दी दिसू नये. मंगळवारी ये. सूनबाईने मागची खोली झाडून ठेवली आहे. तुला चहात साखर चालते की नाही, ते तिने विचारायला सांगितले आहे; मला सांगता आले नाही.

वडिलांची पळी घासून ठेवली आहे. बाकीचे काम तिथेच बोलू, पण एक गोष्ट आत्ताच ठरवून टाकतो, म्हणजे खडकावर वाद नको. भोक कोरडे आहे की नाही, ते तू पाहा. तुझी खात्री झाली की शिसे तू ओत. खुंटा मी धरीन.

तुझा दादा